घरी गेल्यावर निवडू

मार्च अर्धा सरला की आमच्या या बॉथेल गावात नदीकाठच्या रस्त्यावर एक वास सुटतो. मधाचा, राळेचा आणि ओल्या सालीचा मिळून झालेला. तिथे कॉटनवूडची उंच झाडं आहेत. वाऱ्यानं त्यांच्या फांद्या मोडून पडतात आणि त्या फांद्यांवरच्या चिकट कळ्यांतून हा वास येतो. कळ्या बुटांना चिकटतात, कुत्र्यांच्या पंजांना चिकटतात, गाडीतल्या मॅटवर येऊन बसतात. सकाळी फिरायला निघालेले लोक मुद्दाम थांबून श्वास भरून घेतात, स्प्रिंग आला म्हणून एकमेकांकडे बघून हसतात. मी खिडकी लावून घेते. वास आला की आधी माझे हात गार पडतात, आणि ते का गार पडले हे मागाहून आठवतं. तीन वर्षं झाली, या क्रमात बदल नाही.

त्या वर्षी याच कळ्या मी पिशव्या भरभरून गोळा करत होते. वनौषधींच्या दोन वर्षांच्या कोर्सचं माझं ते शेवटचं सत्र. सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सॉफ्टवेअरमधली नोकरी, त्याच्या व्हिसाला लटकलेला माझा व्हिसा, आणि त्यावर नोकरी करायची परवानगी नाही. पुण्यात बॉटनी शिकलेली बाई किती वर्षं डबे भरणार आणि मुलीला पोहायला सोडणार? शिकायला मात्र बंदी नव्हती. म्हणून मी शिकायला गेले, आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर घेतलेल्या माणसाला चढतो तो कैफ मला चढला. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून मिक्सर आणि कुकर मागे सरकले. पुढे बाटल्या आल्या. कळ्या तेलात मुरत होत्या, खाजकुईसारखी झोंबणारी नेटलची पानं कापडावर सुकत होती, मेणाचं मलम डबीत थिजत होतं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत अर्क होते. इरा, आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. फ्रीज उघडण्याआधी ती दर वेळी विचारायची, "आई, इज धिस फूड ऑर होमवर्क?"

मंडळातल्या लोकांना मी आवडायला लागले होते. इथली मराठी मंडळी पुण्याची, नागपूरची, मुंबईची, अशी कुठकुठली. पण पोरांचा खोकला सगळ्यांच्या घरी सारखाच. मी एल्डरबेरीचं सरबत करून दिलं, कुणाच्या फुटलेल्या टाचांना मलम दिलं, आणि हळूहळू मेधाकडे काहीतरी असतं हे सगळ्यांना कळलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार बरं वाटायचं. इतकी वर्षं मी सुहासची बायको होते. आता कुणी आजारी पडलं की फोन माझ्या नावाने यायचा.

आमच्या शिक्षिका मार्गारेट. सत्तरीच्या, नखांत कायम माती, आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या दर आठवड्याला सांगायच्या. झाड ओळखायचं ते झाडाच्या पायाशी बसून. देठ बघायचा, पानाची पाठ बघायची, केस आहेत का बघायचं, वास घ्यायचा, आणि मग तोडायचं. टोपलीत पडलं की ते पान संपलं; घरी जाऊन ढिगातलं एकेक पान ओळखत बसणं हे त्यांच्या मते काम नव्हतं, तो जुगार होता.

मी मान डोलवायचे. पण माझे हात दुसऱ्या शाळेत शिकलेले होते. साताऱ्याला आई बाजारातून मेथी आणायची ती जुडी फारशी न बघताच. पिशवीत टाकायची आणि म्हणायची, घरी गेल्यावर निवडू. मग दुपारी वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघी बसायचो. पिवळं पान बाजूला, किडकं बाजूला, मधेच आलेलं गवत बाजूला. एकेक पान तिच्या बोटांखालून जायचं. निवडणं हीच खरी तपासणी होती. बाजारात चूक झाली तरी चालायची, कारण पुढे आई बसलेली असायची.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख आहेत. माणूस मरणार नाही इतक्या चोख. त्या दोन्हींच्या मधोमध एक फट असते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये आमची परीक्षा झाली. एका लांब टेबलावर चाळीस कुंड्या, प्रत्येकीत एक कोवळं झाड, फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. बाकी काही चुकलं तर गुण जायचे. विषारी झाड चुकलं तर सरळ नापास. सतरावी कुंडी फॉक्सग्लव्हची होती. उन्हाळ्यात त्याला तुरा येतो, तिळाच्या फुलासारखी पण मोठी, जांभळी फुलं, आत ठिपके. इथे रस्त्याकडेला, कुंपणाशी, कापलेल्या जंगलात कुठेही उगवतं. पहिल्या वर्षी मात्र फक्त जमिनीलगत पानांचा गोल असतो. मऊ, लवदार, राखी झाक असलेली पानं. हात लावला तर लहान मुलाच्या कानामागे लागतं तसं लागतं. हृदयाची एक जुनी गोळी याच झाडाच्या भावंडापासून निघते. योग्य मापात ती माणसाला चालतं ठेवते, आणि मापाबाहेर गेली की थांबवते. मी सतराव्या कुंडीपुढे बसले, पान उलटलं, बोट फिरवलं आणि उत्तर लिहिलं. चाळीसपैकी चाळीस आले. मार्गारेटबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाडवा होता.

आमच्या मंडळाचा पाडवा सोयीच्या शनिवारी येतो. शाळेचा हॉल, स्टीलच्या डावाने वाढलेलं श्रीखंड, इस्त्री न उतरलेले झब्बे, आणि दाराशी एका वाटीत कडुलिंब. दर वर्षी त्या कडुलिंबाचीच पंचाईत. हे झाड इथल्या थंडीत तग धरत नाही. एका वर्षी कुणीतरी फ्लोरिडाहून फांदी मागवली ती काळी पडून आली. एका वर्षी तर चक्क कडुलिंबाच्या कॅप्सूल फोडून गुळात कालवल्या होत्या. त्या वर्षीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला आणि मी उभी राहिले. म्हटलं, कडूच खायचं ना वर्षाच्या पहिल्या दिवशी? मग इथल्या मातीतलं कडू खाऊ. डँडेलियनची, त्या पिवळ्या फुलांच्या तणाची, पानं लिव्हरला चांगली असतात, याच दिवसांत कोवळी मिळतात. जिथे राहतो तिथलं कडू पचवायला नको का? लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी सातला मी आमच्या मागच्या अंगणात कुंपणाशी गेले. बारीक पाऊस लागून राहिला होता. बोटं बधिर व्हायला लागली म्हणून मी रबरी हातमोजे घातले. डँडेलियनची पानं करवतीसारखी कातरलेली, गुळगुळीत. ओळखायला त्यात काय? मी मूठ-मूठ ओरबाडत गेले. गवत येत होतं, दुसरं काहीबाही येत होतं. एकदा वाटलं, वाकून नीट बघावं. पण साडी नेसायची होती, इराची वेणी राहिली होती, दहाला हॉल उघडायचा होता. म्हटलं, घरी गेल्यावर निवडू.

घरी आले. चाळणीत पानं धुतली. वर्तमानपत्र इथे घरी येत नाही. टेबलावर पसरायला काही नव्हतं, आणि वेळ तर नव्हताच. सुहास जिन्यावरून हाक मारत होता. मी ढिगाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आपण काही बाजारातून आणलेलं नाही हे. आपण शिकलेले आहोत, जागेवर बघूनच तोडलंय. आणि गूळ, ओवा, हिंग, चिंच, मीठ घालून सगळं मिक्सरमधून काढलं.

अंगणात मी घरावर भिस्त ठेवली आणि घरात अंगणावर. आईनं केली नसती अशी चूक, मार्गारेटबाईंनी केली नसती अशी चूक. ती करायला दोघींकडे शिकलेलं माणूस लागतं.

हॉलच्या दारात मी स्वतः वाटी घेऊन उभी राहिले. प्रत्येकाच्या हातावर चमच्याच्या टोकानं एक गोळी. जिभेला काय झालंय हे माणसाच्या तोंडावर लगेच दिसतं. दोघीतिघी म्हणाल्या, या वर्षी जरा जास्तच कडू झालंय. मी हसून म्हटलं, "कडू असायलाच हवं." या वाक्याला मी अजून घाबरते. जीभ ही शरीराची राखणदार. कडू लागलं की ती थुंकायला सांगते, आणि तिचं बरोबर असतं. पाडव्याच्या दिवशी मात्र आपण तिला सांगतो, आज तू बाजूला हो. तिनं ओरडायचं आणि आपण कौतुकानं गिळायचं असा तो एकच दिवस, आणि नेमक्या त्याच दिवशी ती खरं ओरडत होती.

रांगेत दिनकरकाका होते. वर्ध्याला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं, चालताना मधेच थांबून कशाकडेही टक लावून बघायची सवय. त्यांची सून अश्विनी माझी मैत्रीण. काकांनी गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच पुन्हा हात पुढे केला. म्हणाले, "वर्ध्याला माझी आई मूठभर खाऊ घालायची. हे एवढंसं काय पोरी?" मी मोठा चमचा भरून दिला. दिला याचा मला अभिमान वाटला. माझ्या शेजारी इरा उभी होती, तिनं ते बघितलं.

दुपारी तीनला आम्ही घरी आलो. साडी बदलून मी चाळणी घासायला घेतली. चाळणीच्या कडेला, जाळीत अडकून, अर्धं पान राहिलं होतं. राखी हिरवं. मी बोटानं ते सोडवलं. हातमोजा नव्हता. लहान मुलाच्या कानामागे लागतं तसं लागलं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही, मी चांगली उभी होते, नळ चालू होता, आणि मला सतरावी कुंडी दिसत होती. मग दिसले दिनकरकाका, हात पुढे केलेले. आणि मग आठवलं, अश्विनीनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं, की काका हृदयासाठी रोज सकाळी एक गोळी घेतात, आणि ती गोळी तीच, या झाडाच्या भावंडापासून निघणारी.

त्यानंतरची वीस मिनिटं मला सांगायची आहेत. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

पहिल्या क्षणी मला कळलं होतं. तरी मी पान धुतलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. वही काढली, फोटो काढले, फोटोंशी ताडून बघितलं. वर्गातल्या एका मुलीला मेसेज लिहिला आणि खोडला. सुहासला बोलावलं. त्यानं पान हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आधी शंभर टक्के शुअर हो. फोन केला आणि काही नसलंच तर? आणि असलं तर… आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे यार. पोलीसबिलीस आले तर काय सांगणार?"

पुढे कितीतरी महिने मी मनातल्या मनात त्याला या वाक्यासाठी बोल लावले. पण खरं सांगायचं तर त्या वेळी त्यानं ते म्हटलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. मला तेच हवं होतं. कुणीतरी मला थांबायला सांगायला हवं होतं. एक पान. त्यातलं अर्धं इथे राहिलं. उरलेलं चाळीस माणसांत वाटलं गेलं. किती जाणार एकेकाच्या पोटात? असा हिशोब मी करत होते, पुन्हा पुन्हा करत होते, आणि दर वेळी दिनकरकाकांचा मोठा चमचा त्यातून वगळत होते. काकांच्या जिवाची भीती होतीच. पण तिच्या पुढे दुसरी एक भीती उभी होती, आणि ती माझ्या नावाची होती. मेधाकडे काहीतरी असतं, हे आता लोक वेगळ्या अर्थानं म्हणतील, ही.

इरा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. टेबलावरचं पान, माझी वही, आमचे चेहरे, सगळं तिनं एकदा बघून घेतलं. मग विचारलं, "डिड काका ईट दॅट?"

मी फोन उचलला.

अश्विनीचा आवाज निवांत होता. काका झोपलेत, म्हणाली. जेवण जड झालं म्हणत होते. मी म्हटलं, "त्यांना उठव. गोळ्यांची बाटली बरोबर घे आणि लगेच हॉस्पिटलला निघ. मी दिलेल्या प्रसादात विषारी पान गेलंय." हे वाक्य मी इतकं सरळ कसं बोलले कोण जाणे. पलीकडून फक्त किल्ल्यांचा आवाज आला.

विषबाधेच्या मदतीचा नंबर आमच्या फ्रीजवर होता. कोर्सच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना त्याचं मॅग्नेट दिलं होतं. फोनवरच्या बाईनं एकही शब्द जोरात न बोलता मला सगळं विचारलं. झाड कुठलं, किती, केव्हा, कुणाकुणाला हृदयाची औषधं चालू आहेत. यादी करायला सांगितली. मी पान झिपलॉकच्या पिशवीत घातलं आणि सुहासनं गाडी काढली. रस्ताभर कॉटनवूडचा वास होता. खिडकी बंद होती तरी होता. माझ्याच बुटाला कळी चिकटली होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी मंडळाच्या यादीतला एकेक नंबर लावला. नाव सांगायचं, झालेलं सांगायचं, मळमळतंय का विचारायचं, आणि पलीकडच्या माणसाचं गप्प होणं ऐकायचं. तीसेक वेळा ते केलं. कुणालाच काही झालं नव्हतं. आणि त्यातच एक गोष्ट कळली. निम्म्याहून जास्त लोकांनी माझी ती कडू गोळी खाल्लीच नव्हती. कुणी रुमालात पुसली होती, कुणी ताटाखाली सरकवली होती, एका काकूंनी कुंडीत टाकली होती. दर वर्षी असंच करतो गं, असं ओशाळून सांगत होते. चाळीस माणसांत मनापासून कडू खाणारे दिनकरकाका एकटेच निघाले.

त्यांच्या छातीला वायरी लावल्या होत्या. वर पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत जात होती, आणि दोन उड्यांमधली जागा मला फार लांब वाटत होती. नाडी मंद आहे, डॉक्टर म्हणाल्या. रक्त तपासतोय, लक्ष ठेवतोय. पिशवीतलं पान त्यांनी दिव्याखाली धरून बघितलं आणि ते आणल्याबद्दल माझे आभार मानले. मी त्या रेघेकडे बघत होते. रेघ वर गेली की श्वास घेत होते आणि पुढची उडी येईपर्यंत सोडत नव्हते. औषधं शिकताना आम्ही हृदयाबद्दल एक अख्खा महिना घालवला होता. त्या महिन्यात मला कळलं नव्हतं की ते इतकं नाजूक असतं, एका चमच्यावर चालणारं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाडी सुधारली. त्यांना घरी सोडलं. पानामुळेच झालं की गोळीचं माप आधीच जास्त होतं, हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. ते कधीच कळणार नाही. कपडे बदलून झाल्यावर काकांनी मला ते पान दाखवायला सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, हॉस्पिटलच्या कागदाच्या पाठीवर, निळ्या बॉलपेनानं त्यांनी ते काढलं. तुटलेली कड तुटलेलीच ठेवली, शिरांचं जाळं, बारीक लव. अर्धा तास लागला. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "याला आता आपण दोघं विसरणार नाही."

तो कागद माझ्या ओट्याच्या वर लावलेला आहे. कोर्स मी पूर्ण केला. मार्गारेटबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चाळीसपैकी चाळीसचा तो कागद माझ्याकडून मागून घेतला, आणि मे महिन्यात मला पुन्हा चाळीस कुंड्यांपुढे बसवलं. पोलीस आले नाहीत. मंडळातही कुणी वाईट बोललं नाही. फक्त दोन घरांतून सरबताच्या बाटल्या न उघडता परत आल्या, मुलं आता बरी आहेत म्हणून. मी त्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. बाटल्यांवर आता दोन चिठ्ठ्या असतात, एक तोडतानाची, एक निवडतानाची, आणि दोन्हींवर सही असल्याशिवाय मी झाकण लावत नाही. तरी कुणाला काही दिलं की संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला असतो. इतकं भिऊन हे काम कशाला करायचं, असं सुहास विचारतो. न भिता केलं होतं तेव्हा काय झालं, एवढंच मला माहीत आहे.

या फेब्रुवारीत दिनकरकाका पुन्हा आले. थोडे वाकलेत, पेनं तीन झालीत. मंडळाच्या मीटिंगला कुणीतरी म्हणालं, यंदा वाटी नकोच, कशाला ती आठवण. काका उठून उभे राहिले. म्हणाले, "वाटी होईल, आणि मेधाच करेल. तिनं लगेच फोन केला म्हणून आज मी इथे उभा आहे."

लगेच. हा शब्द ते सगळीकडे वापरतात. अश्विनीच्या पाहुण्यांना माझी ओळख करून देताना, वर्ध्याच्या भावाशी फोनवर बोलताना. ही ती मुलगी, हिनं लगेच फोन केला. दर वेळी मी खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो.

परवा, पाडव्याच्या दोन दिवस आधी, ते चष्मा पुसत माझ्याकडे आले. भर दुपारची वेळ, काचेबाहेर बारीक पाऊस. डँडेलियन आता मी वाफ्यात लावते, तरी वाऱ्यानं बी कुठूनही येतं. सकाळी एकेका झाडापाशी बसून, उघड्या हातानं, देठ बघून तोडलं होतं. आता टेबलावर किराणा दुकानाच्या जाहिरातींचे कागद पसरले आणि आम्ही दोघं निवडायला बसलो. काका पान उचलायचे, उजेडाकडे धरायचे, उलटायचे, माझ्याकडे द्यायचे. मी बघून चाळणीत टाकायचे. असे शंभरेक झाले असतील. मग माझ्याच्यानं राहवेना.

"काका," मी म्हटलं, "मी लगेच फोन केला नव्हता. पान ओळखल्यावर मी वीस मिनिटं थांबले होते. मला माझ्याच नावाची भीती वाटत होती."

त्यांच्या हातातलं पान हातातच राहिलं. माझ्या कानात हॉस्पिटलमधली ती मशीन वाजायला लागली, दोन उड्यांमधली लांब जागा. वाटलं, आता हे उठतील. छत्री घेतील, आणि पाडव्याची वाटी कायमची बंद होईल, आणि ते बरोबरच असेल.

"मला हॉलमधून निघतानाच मळमळत होतं," काका म्हणाले. "घरी येऊन दोनदा उलटी झाली. नळ सोडून ठेवला होता, अश्विनीला ऐकू जाऊ नये म्हणून. दिवे पिवळे दिसत होते. सणाचा दिवस, परक्या देशात मुलाच्या घरी आलेला म्हातारा, कशाला सगळ्यांच्या जिवाला घोर? म्हणून पडून राहिलो. दीड तास." त्यांनी हातातल्या पानावरून अंगठा फिरवला. "तुझा फोन आला नसता तर मी उठलो नसतो."

मी इतकी वर्षं माझीच वीस मिनिटं मोजत होते. त्याच वेळी नदीपलीकडच्या एका घरात, मिटल्या दारामागे, हा माणूस नळ सोडून उभा होता, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. भीतीनं पुन्हा एकदा माझे हात गार पडले, इतके की मी ते मांडीखाली घेतले.

काकांनी चष्मा नीट केला. हातातलं पान त्यांनी कागदावर माझ्यापुढे ठेवलं. "हे बघ गं जरा."

करवतीसारखं कातरलेलं, गुळगुळीत पान होतं. दारातूनही ओळखू आलं असतं. मी ते उचललं, उलटलं, देठावरून बोट फिरवलं, वास घेतला. म्हटलं, "डँडेलियनच आहे, काका."

"पुन्हा एकदा बघ," ते म्हणाले.

मी पुन्हा एकदा बघितलं.